प्लेटीच्या पाठीवरची खूण

मॅडम, सांगायला काय झालं होतं तुम्हाला? तोंड नव्हतं? सगळ्या होस्टेलला शिस्त लावणारी मेट्रन तुम्ही, आणि किचनमधल्या एका बाईला एवढं सांगता आलं नाही की बये, मी प्लेट पालथी करते ती तुझी घाण शोधायला नाही? दहा वर्षं झाली तुम्हाला देवाघरी जाऊन आणि मला ते आत्ता कळतंय, तेही तिसऱ्याच्या तोंडून.

परवा तुमच्याच गावची एक नवी सिस्टर इथे आखातात, हूऱ्याच्या नर्सांच्या होस्टेलात आली. जेवायला बसली आणि मी भात वाढायच्या आधी तिनं प्लेट पालथी करून खालून बघितली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आली दुसरी! शेजारी आमची वसईची सिस्टर होती, तिला म्हटलं, "विचार गं हिला, सापडलं का काही?" ती पोरगी हसायलाच लागली. मग ती इंग्लिशमध्ये बोलत गेली नि वसईवाली मला सांगत गेली. "अगं मावशी, चिडतेस काय! यांचं आख्खं गाव कपबशा नि प्लेटी करायचं. घरटी एक तरी माणूस कारखान्यात. भट्टी पेटली की गल्लीत कोणी कपडे वाळत घालायचं नाही, धुरानं काळे व्हायचे. पुरुषांच्या छातीत मातीची धूळ, बायकांच्या हातात ब्रश. म्हणून ही माणसं जगात कुठंही जेवायला बसली की आधी प्लेटीची पाठ बघतात, आपल्या गावची आहे का म्हणून. आता भट्ट्या पाडल्या, पोरी निघाल्या बाहेर. आणि तुझी ती जुनी मेट्रन ना, तिची आई नि हिची आजी एका बाकावर बसायच्या. काठाला निळी रेघ ओढायची आणि पाठीवर आपापली खूण करायची."

खलास.

तो दिवस मला अजून दिसतो. दुपारची जेवणं चाललीत. तुम्ही प्लेट पालथी करता, चष्मा कपाळावर सारता, खाली एका जागी बोट ठेवता आणि ते बोट काही उचलत नाही. सगळ्या सिस्टरी बघतायत. मी येते आणि प्लेट हिसकावून घेते. "आय वॉश! क्लीन! यू डर्टी!" जेवढं इंग्लिश येत होतं तेवढं सगळं तुमच्या अंगावर फेकलं. तुम्ही आपलं "माय मदर, माय मदर" करत होतात. मला वाटलं, आपल्या आईच्या स्वच्छतेचं कौतुक सांगतेय बाई. म्हणजे सांगितलं होतंत की तुम्ही! मीच ऐकलं नाही. प्लेट ढिगात टाकून दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्यापुढे प्लास्टिकची. तुम्ही देशाला परत जाईपर्यंत प्लास्टिकचीच. रोज "थँक यू" म्हणून गुपचूप जेवलात. व्हिसाच्या कागदावर इंग्लिशमध्ये सही करायला माझा हात धरून शिकवलंत तुम्ही, आणि मी तुम्हाला असं वाढलं. आणि मी कोण? कल्याणला भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून छिन्नीनं नावं घालणाऱ्याची पोर. शेजारणीकडून वाटी आली की आम्हीसुद्धा फिरवून नाव बघतो. दुसरीला नसतं कळलं तर चाललं असतं. मला कळायला हवं होतं.

येत्या गुरुवारी इथल्या जुन्या प्लेटी जाणार, स्टीलच्या येणार. मी एक मागून घेणार आहे. काल सगळ्या पालथ्या घालून बसले. कुठे ठिपका, कुठे फुली, कुठे पान, कुठे चंद्राची कोर. सिस्टरला तिच्या आजीची खूण ठाऊक आहे, पान. तुमच्या आईची नाही ठाऊक. ती फक्त तुमच्या त्या बोटाखाली होती.

अजून एक आहे. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी सकाळपासून नळाला पाणी नव्हतं. ती प्लेट मी धुतली नव्हती, नुसती फडक्यानं पुसली होती. म्हणून एवढी ओरडले.

हे पत्र टाकू कुठं, आणि तुम्हाला मराठी तरी कुठं येत होतं. ते काही नाही. ठिपका, फुली की कोर? बुधवारपर्यंत मला उत्तर पाहिजे.