सहा कप म्हणजे सातशे वीस ग्रॅम

धाकटे,

मी दवाखान्यात चालले आहे. मनगटाच्या ऑपरेशनची तारीख अचानक आजचीच मिळाली. तू झोपली होतीस, उठवलं नाही. भावजी माझ्यासोबत आहेत, काळजी करू नकोस.

दुपारच्या ऑर्डरचा केक तूच कर. मैदा कपाने घेऊ नकोस, वजनकाट्यावर घे. रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आण आणि सहा कपांच्या जागी सातशे वीस ग्रॅम मैदा घाल. पुढेही मैद्याच्या कपाला एकशे वीस ग्रॅम धर.

आता खरं सांगते. रविवारी तुझा केक दगडासारखा झाला, तेव्हा तो न्यायला आलेल्या बाईंसमोर मी म्हणाले, "हिच्या हाताला गुणच नाही." ते मला रात्रभर टोचत होतं. आज पहाटे कप घेऊन काट्यापाशी बसले. मी मैदा चमच्याने अलगद भरते, तो एकशे वीस भरला. तुझ्यासारखा कप डब्यात खुपसला, तर एकशे पंचेचाळीस. सहा कपांत दीडशे ग्रॅम जास्त गेल्यावर केक दगड होणारच. कप कसा भरायचा हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती.

केक न्यायला रविवारच्याच बाई येतील. त्यांना फोन करून मी हे सगळं सांगितलंय, आणि आजचा केक तुझ्या हातचा आहे हेही. त्या म्हणाल्या, "बरं, बघू या."

बघू देत.

मोठी