शिंपिणीचा निरोप

सोमवार, ३
नोकरीचा पहिला दिवस छान गेला! मानसिक आजारांचा दवाखाना, दुसरा मजला, मला मदतनिसाचं खिडकीजवळचं टेबल. इथे परदेशात निम्मे रुग्ण स्पॅनिश बोलतात, त्यामुळे डॉक्टरांनी मला शिकवणी लावून दिली आहे. बाजारहाटाची भाषा नाही, नाजूक प्रश्नांची: एकट्या आहात का? स्वतःला इजा करून घ्यावीशी वाटते का? ‘एस्ता सोला?’, म्हणजे ‘एकट्या आहात का?’, मी दिवसभर घोकतेय. नवरा म्हणाला, भाजीवाल्याला असं विचारू नकोस, पळून जाईल.
शिकवायला आपल्याच भाषेतल्या एक ज्येष्ठ समुपदेशक आहेत. आवाज असा, की ऐकणाऱ्याचे खांदे सैल पडतात. मनातल्या मनात मी त्यांचं नाव साखरबाई ठेवलंय; तोंडावर ताई म्हणते.

गुरुवार, २०
सगळे साखरबाईंनाच मागतात. मी बोलायला लागले की लोक माझ्या खांद्यावरून त्यांच्या दाराकडे बघतात. व्याकरण माझं जास्त पक्कं आहे, हे स्वतः त्याच म्हणाल्या. मग? काय आहे त्या बाईत?

मंगळवार, २५
आज नाक कापलं गेलं. एक शिंपीण येते, बोटांना सुयांचे घट्टे. ती म्हणाली ‘कान्सादा’, थकलेय. मी ऐकलं ‘कासादा’, लग्न झालंय. हसून विचारलं, नवरा काय करतो? ती रडायलाच लागली. साखरबाई आल्या, तिच्याशेजारी बसल्या, दोनच वाक्यं बोलल्या. शिंपिणीने त्यांचा हात धरला आणि मला बाहेर जायची खूण केली.
नंतर साखरबाई मला म्हणाल्या, “अगं, माझ्याही अशा शंभर चुका झाल्यात. मनाला लावून घेऊ नकोस.” गोड बोलून मारतात.

गुरुवार, २७
जेवायच्या सुट्टीत मी एकटीच होते. शिंपिणीचा फोन आला. तिला साखरबाई हव्या होत्या. मी म्हटलं, त्या नाहीत, मला सांगा. ती म्हणाली, नको, त्यांना आजच फोन करायला सांगा, आजच. मी शिकलेला एकही प्रश्न विचारला नाही. निरोप चिठ्ठीवर लिहून घेतला.
चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. एक दिवस तरी त्यांची वाट बघून कोणी निराश होऊ दे.

शुक्रवार, २८
शिंपीण गेली. काल संध्याकाळी तिने जीव दिला. तिची बहीण सांगायला आली होती. डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं, तिचा फोन आला होता का? मी नाही म्हणाले. साखरबाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या.
चिठ्ठी फाडून टाकली.

सोमवार, ३१
जेवायच्या सुट्टीत फोन. तोच आवाज. मी विचारलं, ताईंना देऊ?
नको, म्हणाली. आता तूच हवीस.

मंगळवार, १
आज फोन वाजलाच नाही. आवाज समोरच्या खुर्चीतून आला. खुर्ची रिकामी. एस्ता सोला? — तीच मला विचारते. शब्दन् शब्द कळतो मला. एवढी चांगली स्पॅनिश मला कधीच येत नव्हती.

बुधवार, २
घरीही. नवरा विचारतो, झोपेत कोणाशी बोलतेस, आणि कुठल्या भाषेत? मी जागीच होते. माझे ओठ — मी हलवत नव्हते.

गुरुवार, ३
साखरबाईंनी माझा चेहरा बघितला. दार लावून घेतलं, शेजारी बसून माझा हात धरला. मराठीतच विचारलं, “काय होतंय बाळा? एकटी पडलीयेस का? जिवाचं काही बरंवाईट तर मनात येत नाही ना?” सगळे प्रश्न. त्या आवाजात. आणि माझे खांदे खरंच सैल पडले. लोक यांनाच का मागतात, ते कळलं.
सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं. बाहेर पडली ती स्पॅनिश. शिंपिणीच्या आवाजात. हिने माझा निरोप तुम्हाला दिला नाही —
साखरबाई हात सोडून उठल्या. डॉक्टरांना बोलवायला गेल्यात.
मी लिहितेय. लिहीत असले की ती गप्प असते. हात थांबला की घशात हालचाल — बाहेर दोघांची पावलं — मला माझ्याच तोंडाने सांगायचंय त्यांना, चुकलं माझं, माझ्या शब्दांत — पण त्यासाठी लिहिणं थांबवावं लागेल, आणि थांबले तर ती — दार उघडतंय — ताई, मी थांबत ना