डबा दादाकडे, पाइप धाकट्याकडे

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

एकमेकांशी बोलायचं नाही अशी आपण शपथ घेतली, ती मी गेली दोन वर्षं पाळतोय. पण लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, तेव्हा हे पत्र. फोन केला असता तर तू हॅलो म्हणाला असतास आणि फुकट शपथ मोडली असती.

मुद्द्याचं लिहितो. नाटकगृहाच्या मॅनेजरांनी रंगमंचाचे मखमली पडदे आखूड करायला माझ्याकडे दिलेत. माझ्या शिलाईच्या दुकानाला एवढं मोठं काम आजवर मिळालेलं नाही. पण पडद्यांत धूळ इतकी, की पहिल्या दिवशी कात्री लावली आणि मी, माझा कारागीर आणि समोरचा चष्मेवाला, तिघंही संध्याकाळपर्यंत शिंकत होतो. धूळ ओढून काढल्याशिवाय ते कापड मशीनखाली घालता येत नाही. महिनाअखेर पडदे टांगले नाहीत तर मॅनेजर काम दुसऱ्याला देणार. मग माझ्या दुकानाची अब्रू गेलीच म्हणून समज.

शेजारणीचा नवा बिनवायरचा व्हॅक्यूम मागून आणला. दिसायला नाजूक, वागायलाही नाजूक. एक चुणी साफ झाली की बॅटरी संपते, दुसरी झाली की फिल्टर तुंबतो आणि लाल दिवा लावून रुसून बसतो. बाबांचा जुना व्हॅक्यूम असता तर एका दुपारचं काम होतं. पण बाबा गेल्यावर आईनं घर आवरलं तेव्हा आपण त्याच्यासाठी हमरीतुमरीवर आलो आणि तिनं डबा मला दिला, पाइप तुला. डबा अगदी ठणठणीत आहे. मोटरचे कार्बन बदलले. आतली धुळीची पिशवी फाटली होती, ती अस्तराच्या कापडाची नवी शिवली. फक्त पाइप नाही. झाडांना पाणी घालायचा पाइप लावून पाहिला, तर तो शेळीसारखा ओरडला आणि चपटा झाला.

तेव्हा पाइप आठवडाभर पाठव. काम झालं की परत करीन. लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

तुझा,
दादा


दि. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं दोन गल्ल्यांवरून, पण टपालवाल्यांनी त्याला सगळं गाव दाखवून आणलेलं दिसतंय.

पाइप देईन, पण असा नाही. जिन्यात चार लोकांसमोर तू मला कवडीचुंबक म्हणाला होतास. आधी तो शब्द लेखी मागे घे. दुसरं म्हणजे पाइप काही धूळ खात पडलेला नाही. आमच्या पाळणाघरातल्या पोरांनी त्याचा टेलिफोन केलाय. एक कार्टं स्वयंपाकघरात तोंड लावतं, दुसरं बैठकीत कान लावतं. त्या पाइपाच्या जिवावर दुपारी मला आणि तुझ्या भावजयीला घटकाभर पाठ टेकता येते.

आणि साफसफाईचं म्हणशील तर माझेच हाल कुत्रा खात नाही. तुझ्या भावजयीनं घरभर आपला आपण फिरणारा एक चपटा व्हॅक्यूम आणलाय. पोरं त्याला कासव म्हणतात. कासव सोफ्याखाली जातं, अडकतं आणि मला सोडवा म्हणून बाईच्या आवाजात विनवण्या करतं. मोजे गिळतं. ब्रशला केस गुंडाळले की त्याला पालथं घालून कात्रीनं हजामत करावी लागते. परवा तर कहर झाला. दुपारच्या झोपेत एका बाळराजांनी जमिनीवरच कार्यभाग उरकला आणि आम्हाला कळायच्या आत कासव त्यावरून गेलं. तिथंच थांबलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ते कामाला फार पक्कं. घराचा नकाशा त्याला तोंडपाठ. बैठक, स्वयंपाकघर, झोपायची खोली, एक कोपरा म्हणून सोडला नाही. पालक न्यायला आले तेव्हा आम्ही सगळे टेबलावर चढून बसलो होतो.

सांगायचं काय, तर मलाही बाबांचाच व्हॅक्यूम हवाय. तेव्हा डबा घेऊन तूच इकडे ये. वहिनीला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ सध्या दुरुस्तीला टाकलाय, हाती आला की कळवतो.

तुझा,
धाकटा


दि. १३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

कासवाचं वाचून तुझ्या वहिनीला इतकं हसू आलं की तिनं गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला उलटी बाही जोडली. मी हसलो नाही. म्हणजे थोडासा हसलो.

कवडीचुंबक हा शब्द मागे घेतो. चिक्कू मात्र राहू दे. सगळंच मागे घेतलं तर मग मी भांडलो कशासाठी? तू मला मुलखाचा आडमुठा म्हणाला होतास, तो शब्द तू मागे घेऊ नकोस. तुझी वहिनी म्हणते की तो बरोबर आहे.

तुझ्या घरी मी येणार नाही. थोरल्यानं आधी पायरी चढायची म्हणजे नाकच कापलं गेलं. तूही माझ्याकडे येणार नाहीस, कारण तू माझाच भाऊ. तर मधला मार्ग सुचवतो. शनिवारी सकाळी नाटकगृहात भेटू. ते ना तुझं घर, ना माझं. मी डबा आणि पडदे आणतो, तू पाइप आण. बोलायचं नाही, खुणांनी भागवायचं. माझे पडदे झाले की डबा आठवडाभर तुझ्याकडे.

खरं सांगू का, दोन वर्षं दुपारचा चहा एकट्यानं घेतोय. गोड लागत नाही. हे वाक्य खोडणार होतो, पण तुझी वहिनी पाठीशी उभी आहे, ती खोडू देत नाही.

लोभ थोडा वाढवलास तरी चालेल.

तुझा,
दादा


दि. २९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, तुझी पोरं बोलायला लागली!

झालं असं, की दादाला पडद्यांसाठी पाइप हवा होता आणि मला घरासाठी डबा. म्हणून आम्ही नाटकगृहात भेटलो. दादा डबा आणि पडदे हातगाडीवरून घेऊन आला, मी पाइप गळ्यात घालून गेलो. एकमेकांकडे बघून माना हलवल्या आणि कामाला लागलो. आता बाबांच्या त्या डब्याला तोंडं दोन. पुढचं हवा ओढतं, मागचं हवा फेकतं. दादानं पाइप नेमका मागच्या तोंडाला जोडला. मला दिसत होतं, पण बोलायचं नाही ना! मी हातवारे केले. त्याला वाटलं, मी जुनं भांडण उकरतोय. त्यानंही हातवारे केले. मग मी गाल फुगवून फुंकर मारून दाखवली, तर त्याला वाटलं मी वेडावतोय. रागारागानं त्यानं बटण दाबलं.

त्या पाइपात पोरांनी काय काय कोंबून ठेवलं होतं, आई गं! खडूचे तुकडे, मणी, बिस्किटांचा चुरा, एक मोजा, सगळं तोफेसारखं सुटलं. तेवढ्यात काम कुठवर आलं ते बघायला मॅनेजर विंगेतून आत येत होते. मोजा बरोब्बर त्यांच्या तोंडावर बसला. दादा आणि मी एकदमच ओरडलो की बंद कर, बंद कर! शपथ मोडली होती. दादाला जे हसू फुटलं ते आवरेचना. हसता हसता तो डोळे पुसायला लागला, मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाला की पोट किती सुटलंय तुझं. मीही रडलो, पण धुळीनं डोळे चुरचुरताहेत म्हणून सांगितलं.

पाइप नीट जोडल्यावर संध्याकाळपर्यंत पडदे लख्ख झाले. इतके, की तपकिरी होते ते लालभडक निघाले आणि मॅनेजर आमचे तपकिरी पडदे कुठे विकलेत म्हणून दादाच्या अंगावर धावून आले. त्यांना पटवता पटवता दमछाक झाली. पण काम दादाकडेच राहिलं आणि काल पडदे टांगूनही झाले.

मग चहा पिताना आमच्या डोक्यात प्रकाश पडला. डबा एकाला, पाइप दुसऱ्याला! एकाचं दुसऱ्यावाचून चालू नये, कधी ना कधी दोघांना एकत्र यावंच लागावं, म्हणून तू तशी वाटणी केलीस ना? केवढी ही दूरदृष्टी! दादा म्हणतो, असा न्याय एखाद्या राजालाही सुचला नसता. आता तो व्हॅक्यूम आमच्यापैकी कुणाचाच नाही. तू बाहेर गेलेली बघून तो तुझ्या बैठकीत ठेवून जातोय, डबा आणि पाइप जोडून, वर हे पत्र. आमच्यावरचा लोभ वाढवायचा असेल तर हीच वेळ आहे.

तुझा,
धाकटा
(शेजारची वाकडी सही दादाची.)


दि. २ एप्रिल

चि. थोरल्यास आणि धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

कसली दूरदृष्टी आणि कसलं काय! मला तो व्हॅक्यूम नजरेसमोर नको होता, म्हणून त्याचे दोन तुकडे केले. तुमच्या बाबांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला न विचारता तो घरात आणला. दर रविवारी, लोकांच्या झोपा पुऱ्या व्हायच्या आत, याचं घूंऽऽ सुरू. वर जळक्या रबराचा वास. माझं एक कानातलं त्यानं गिळलं. पिशवी उकरून उकरून कोपरापर्यंत काळी झाले, मिळालं नाही ते नाहीच. तुमचे बाबा गेल्यावर भंगारात द्यायला हात होईना, पण आवाजही कानावर नको होता. तुम्ही त्याच्यासाठी भांडायला लागलात, म्हटलं बरंच झालं. डबा एका घरात, पाइप दुसऱ्या घरात, आता हा काही जन्मात वाजत नाही. अबोला सोडा म्हणून तुम्हाला सांगून सांगून माझी जीभ झिजली, तेव्हा एकानंही ऐकलं नाही. आणि आता म्हणे राजाचा न्याय!

तर हे धूड आता माझ्या बैठकीत. तुम्हाला बोलावून उचलायलाच लावणार होते. पण काल वाटलं, चालतो तरी का बघावं. बटण दाबलं. घूं झालं आणि मी आपोआप पाय वर घेऊन खुर्चीत बसले. तुमचे बाबा यायचे ना पाइप घेऊन, पाय वर, पाय वर असं ओरडत! बराच वेळ तशीच बसून राहिले. पाइप नुसता जमिनीवर पडलेला. फार आठवण आली रे त्यांची.

मला तो ओढवत नाही, कंबर साथ देत नाही. तेव्हा राहू दे इथेच. दर रविवारी सकाळी दोघांनी यायचं, बरोबर यायचं. एकानं डबा ओढायचा, एकानं पाइप धरायचा. मी पाय वर घेऊन बसेन.

लोभ दोघांवर सारखाच आहे, त्याची वाटणी मागू नका.

तुमची,
आई