बूट घातलेली अक्षरं

बाबा, परवा जालन्याच्या बाजारात एका नव्या दुकानाची पाटी बघितली आणि मला भर रस्त्यात हसू फुटलं. जाडजूड अक्षरं, प्रत्येकाच्या पायाशी आडवी पट्टी. नात म्हणाली, "आजी, ही नवीन फॅशन आहे." म्हटलं, नवीन कसली, माझ्या बापानं निजामाच्या राज्यात केली होती!

स्टेशनावर कापसाच्या गाठींवर तसली इंग्रजी अक्षरं असायची. ती बघून तुम्हाला खूळ लागलं आणि आपल्या छापखान्यासाठी तुम्ही शिसवी लाकडात मराठी अक्षरं कोरायला बसलात. प्रत्येक कान्याखाली जाड बैठक. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अक्षरांना बूट कशाला घालून राह्यलात?" तुमचं उत्तर ठरलेलं. "अक्षरानं पाय रोवून उभं राहावं. चालत्या बैलगाडीतून बी दिसलं पाहिजे." दिसायचीच. कापसाच्या जिनिंग कारखान्याची पाटी, बैलबाजार आणि सगळ्यात जास्त कुस्त्यांच्या जाहिराती. ज्याला वाचता येत नव्हतं, तोही ती अक्षरं बघून म्हणायचा, चला, कुस्त्या आहेत.

आणि तुम्ही माझी लग्नपत्रिका त्याच अक्षरांत छापलीत! मला नाजूक वेलबुट्टी हवी होती. मी रुसले तर उलट मलाच दटावलंत, "लगीन काय नाजूक काम हाय व्हय?" शहागडच्या मामांनी ती पत्रिका कौतुकानं चावडीच्या भिंतीला डकवली. तिथल्या तालमीच्या वस्तादांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी मामांना विचारलं, "कधी हाय? कुठं?" मामा म्हणाले, "शुक्रवारी, जालन्याला. समद्यांना घिऊन या."

मंगलाष्टकं चालू आहेत. मी अंतरपाटाअलीकडे मान खाली घालून उभी. तेवढ्यात मांडवात दहाबारा पैलवान शिरतात आणि वस्तादचाचा खणखणीत आवाजात विचारतात, "सलाम भाई, आखाडा कुठं हाय? पोरं बिलकुल तयार हायेत." भटजी अडखळले. वाटूरचं वऱ्हाड ताडकन उठलं. "थट्टा लावली का आमची?" नवऱ्याचे काका गरजले. तुमचा चेहरा पांढराफटक. वऱ्हाड परत गेलं तर माझं काय?

आणि अंतरपाटापलीकडून हसू आलं. आधी दाबलेलं, मग सात मजली. "काका, बसा की. वस्ताद, जेवल्याबिगर जायचं न्हाई. मंग होऊन जाऊ द्या कुस्त्या!" खरंच झाल्या, जिनिंगमागच्या मैदानात, आणि पंच कोण, तर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव.

पुढं मी माहेरी आले की तुम्ही दरवेळी म्हणायचात, "पोरी, तुझ्या लग्नाचा तमाशा केला म्या." मी नुसता चहा पुढं करायचे. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, म्हणून आज लिहायची हिंमत होते आहे. त्या दिवसापर्यंत मी नवरदेवाचं तोंडसुद्धा धड बघितलं नव्हतं. ते हसणं ऐकलं आणि अंतरपाट दूर व्हायच्या आधीच मी त्याच्या प्रेमात पडले होते. बापाला हे कोणत्या तोंडानं सांगणार?