दुधाचा डबा उकळल्याबद्दल

धाराशिव, ९ डिसेंबर १९६१

प्रिय मार्तंडभावोजी,

चारुशीलावहिनीचा नमस्कार. तुमचे गुडघे, जाऊबाईंचा दमा आणि सोलापूरचं पाणी, तिन्ही पूर्वीसारखीच असतील असं धरून चालते. इकडे बाळंतीण वनमालेचा ताप उतरत नाही, तिला दूध येत नाही आणि माझी सात आठवड्यांची नात भुकेनं रडते आहे. म्हणून कुशल विचारण्यात जास्त शाई घालवत नाही.

तुम्ही एस.टी.नं पाठवलेला दुधाच्या पावडरचा डबा मिळाला. उपकार झाले, पण तो ज्यानं बनवला त्यानं आयुष्यात मूल पाजलेलं नाही. झाकण असं ठोकलेलं, जणू आत सरकारी खजिना आहे. 'चमच्याच्या दांड्यानं उचला' असं त्यावर पत्र्यात उठवलं होतं (इंग्रजीत, मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकल्याचा या घराला झालेला हा पहिला उपयोग). माझ्या लग्नातले तीन चमचे वाकले, झाकण हललं नाही. शेवटी शेजारचे गुंडाप्पा सुतार पटाशी घेऊन आले. झाकण उडून तुळईला लागलं, तर खाली पत्र्याचा आणखी एक पडदा! मग वरचं झाकण काय पाहुण्यांना दाखवायला होतं? "बाई, मागं सरका," म्हणून गुंडाप्पांनी तोही फोडला आणि मिशांसकट पांढरे झाले. मापाचा चमचा पावडरीच्या तळाशी पुरलेला. तो शोधायला मी कोपरापर्यंत आत.

हेही सोसलं असतं. पण डबा एस.टी.च्या टपावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून आला होता, म्हणून फोडण्याआधीच मथुराबाईनं (अणदूरची, आमच्याकडे स्वयंपाकाला असते) तो उकळत्या पाण्यात बुडवला. कागदाचं लेबल सुटलं आणि पाण्याबरोबर मोरीत गेलं. कितव्या आठवड्याला किती चमचे, ते सगळं त्यावर होतं.

डॉक्टर म्हणाले होते, "गाईचं दूध हिला पचत नाही, पावडरच द्या. प्रमाण डब्यावर असतं. नाहीतर डबा घेऊन या, मी वाचून सांगतो." मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या जन्माआधीपासून मी इंग्रजी वाचते." आता कुठल्या तोंडानं जाऊ? परवा आणि काल वाटीभर पाण्यात दोन चमचे घातले, पोरगी तासाभरात पुन्हा रडायला लागली. आज सकाळी सहा घातले, सगळं ओकली. तीस वर्षं मुलींना त्रैराशिक शिकवलं आणि एका वाटीचं गणित मला सुटत नाही.

वर मथुराबाई पाळण्याशी उभी राहून सुनावते, "पोर वाळलंय, बाई. लई शिकलाव तुमी, आता इचारा की कुणाला." तिनं कुठलंसं गुबगुबीत बाळाचं चित्र पाळण्यावरच्या भिंतीला खळीनं डकवलंय. "बघून बघून आपली बी तशी व्हईल," म्हणे. मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

जाऊबाईंना सांभाळा.

तुमची वहिनी,
चारुशीला

ता.क. तुमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात असाच डबा असेल. डबा नको. त्याचं लेबल तेवढं ओलं करून सोडवा आणि उलट टपाली पाठवा. दुकानदार ओरडला तर ओरडू द्या.

ता.क. २. डबा मथुराबाईनं नाही, मी उकळला. बाळाच्या खोलीत न उकळलेलं काही नेऊ नये, असं आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगत. त्या लेबलाबद्दल काही बोलल्या नव्हत्या. मथुराबाईनं नुसतं पाणी ओतलं. तीन दिवस मी तिच्या नावानं ओरडते आहे.

ता.क. ३. पाकीट चिकटवायचं ठेवून डॉक्टरांकडे निघाले. चपला घालताना मथुराबाईपाशी वरचं सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "मला ठावं हाय की. पाणी वतताना त्यो कागद म्याच काढला, वाळवला अन् भितीला लावला. बाळ लई ग्वाड हुतं त्याच्यावर." लिखाणाची बाजू तिनं मागं दुमडली होती, तिच्या दृष्टीनं ती निरुपयोगी. ओल्या फडक्यानं सोलून वाचलं. सात आठवड्यांना चार चमचे. नात सगळं प्याली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा न रडता झोपली.

तरीही लेबल पाठवाच. सोलताना चित्रातल्या बाळाचं नाक गेलं, आणि मथुराबाई माझ्याशी बोलत नाही.