एका शिंगाचा पोळा

१४ जुलै १९८७
दुपारी प्रयोगशाळेत गुरांच्या डॉक्टर बाईंनी अंड्यावरची चिकटपट्टी काढली, म्हणाल्या, "बघ." त्या मिनिटाला माझं सगळं बदललं. कवचाला चौकोनी खिडकी, आतल्या पातळ पडद्यावर बैलाच्या शिंगातल्या कॅन्सरचा तीळभर तुकडा. ठेवला तेव्हा भोवती मोकळं होतं. आज चहूकडून लाल शिरा त्याच्याकडं धावलेल्या. चाकाचे आरे जसे. कोंबडीच्या पिलाचं रक्त बैलाच्या रोगाला कसं काय...
बैल झरीच्या आबांचा. म्हणजे कॉलेजातल्या सुनंदाच्या वडलांचा. जेवलो नाही.

२० जुलै
फळ्यावर माझं न् सु.चं नाव लिहिणाऱ्याला मारलं, त्याला वर्ष होत आलं. प्राचार्य माफी माग म्हणाले. नाही मागितली, कॉलेज सोडलं. सु. एवढंच बोलली, "माझ्या नावानं मारामारी करायला तुला कुणी सांगितलं?"
आता बाईंच्या प्रयोगशाळेत रोजंदारी. विचारलं, शिरांना बोलावतं कोण? हसल्या. "नोकरी लागल्यापासून हेच विचारतेय. आधी हैदराबादला, मग इथं. लोक म्हणतात, रोग मारायचं औषध काढा, शिरा काय बघत बसता. अरे, रक्तच पोचलं नाही तर रोग वाढेल कशावर?"
निघताना दार आपटलं. ओरडल्या, "अंडी हादरतात! कोवळ्या शिरा तुटतात!"

२ ऑगस्ट
कुर्चेत, म्हणजे कानातल्या मऊ हाडात, शिरा शिरत नाहीत. का? बाई म्हणतात, तीच तुकड्याशेजारी ठेवून बघू. खाटकाकडनं बोकडाचे कान आणले. तो म्हणे, "कानाचं कालवण करतेत का तुमच्या बाई?"

५ ऑगस्ट
शिरा थबकल्या! कुर्चेपाशी आल्या न् माघारी वळल्या. म्हटलं, आजच झरीला जाऊ, बैलाच्या कापल्या शिंगाच्या जखमेत कुर्चा भरू. बाई: "अंडं म्हणजे बैल नव्हे, दत्ता." मग मरू द्यायचा का? स्टूल लाथाडलं, निघालो. दारापर्यंत. अंडी उबवायच्या पेटीतलं पाणी बदलायचं राहिलं होतं. परत आलो.

२४ ऑगस्ट. पोळा.
बाईंबरोबर झरीला. रोगट शिंग मुळापासून काढलेलं, उरलेल्या एकाला आबांनी हिंगूळ लावलेला. पोरं हसायली. आबा: "हसा. नांगर त्यानं वढलाय, तुमी न्हाई." बाईंनी जखमेभोवती बोट फिरवलं. मुळाशी गाठ. पुन्हा. तिचा कण बाटलीत घेतला.
सु. सणाची घरी आलेली. पुरणपोळीचं ताट ठेवलं.
"अंडी उबवायलास म्हणं. पिल्लं किती झाली?"
"पिल्लं न्हाईत. तुमचा बैल हाय त्यात."
हसली नाही. "मला बघायचंय."

३० ऑगस्ट
नव्या गाठीची अंडी उघडली. सगळीकडं शिरा कुर्चेपाशी थांबलेल्या. एकात नाही. वळसा घालून मागनं जाऊन भिडल्या. म्हटलं, हे नासकं धरू, टाकून देऊ. बाई लय चिडल्या. "हेच तर पाहिजे मला! कशी गेली ही?" संध्याकाळपर्यंत दोघं त्याच्यावरच वाकून.

३१ ऑगस्ट
विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद. सु. होस्टेलवरनं चालत आली. "बैल वाचंल का, दत्ता? आबा जेवंनात. खरं सांग."
चांगली अंडी समोरच होती. एक दाखवलं असतं तर...
वळशाचं उघडलं. वाकून बघत राहिली, वेणी पुढं आली तरी कळलं नाही.
"म्हणजे?"
"ठाऊक न्हाई. उद्या बाई गाठ काढणार. कुर्चा भरायची का, त्येबी अजून ठरंना."
"तू आन् ठाऊक न्हाई म्हणायलास!" मग दारातनं, "आबांना बघवायचं न्हाई. उद्या दावं तू धरशील का?"

१ सप्टेंबर, सकाळ
जीप आली, बाई खालनं हाका मारायल्यात. कान निर्जंतुक करून घेतलेत, भरायचे का ते गाठ काढल्यावर ठरेल. कॉलेजला माफीचा अर्ज... बघू.
ती वळसेवाली शीर रात्रीतनं केवढी झाली असेल? पट्टीला हात लावला, काढली नाही. आल्यावर. आबांनी विचारलं तर काय सांगायचं, तेही तिथं पोचल्यावरच.
पेटीत पाणी भरलं. चाललो. दार ओढून घेतो, हळू.