पुडीतला निरोप

हार्बिन, २ डिसेंबर १९८६

ती. बाबांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

इकडे नदी गोठून पंधरा दिवस झाले. परवा तिच्यावरून कोबीने भरलेली घोडागाडी गेली, तेव्हा माझाच जीव खालीवर होत होता. घरात मात्र भिंतीतल्या नळ्यांतून गरम पाणी खेळते, म्हणून मी साध्या सदऱ्यात बसून हे लिहिते आहे. वाचून तुमच्या भुवया चढल्या असतील. त्याहून भयंकर ऐका. तुमचे जावई बाहेर पायरीवर ठेवून काळ्या दगडासारखी गोठवलेली नासपती खातात, तीही जेवण झाल्यावर. पोटात थंडी घालू नये यावर तुमचे सबंध व्याख्यान मी त्यांना ऐकवले. त्यांनी मान डोलावली आणि दुसरी उचलली.

आता मुद्द्याचे. आत्याने कळवले की सप्टेंबरात तुम्हाला झालेली सर्दी महिनाभर हटली नाही. नानशुनला हिवाळ्यात बाहेरपेक्षा घरात जास्त गारठा असतो, आणि तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. औषधांचे दुकान बंद करा आणि कायमचे आमच्याकडे या. ह्यांनी तुमच्यासाठी नळ्यांजवळची खोली रिकामी केली आहे. रागावू नका. नाहीच म्हणायचे असेल तर निदान सरळ शब्दांत म्हणा, नुसते गुरगुरू नका.

वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी करायच्या मटणात घालायची पुडी या वेळीही येईल ना? आई होती तेव्हा नववर्षाला घरी ये असे ती पत्रात लिहायची आणि तुम्ही फक्त पुडी घालायचात. आई गेल्यापासून नुसती पुडी येते. तिच्यात दांगग्वे या औषधी मुळीच्या चकत्या असतात, आणि दांगग्वे म्हणजे 'परतायला हवे'. एवढ्या निरोपावर चार वर्षे मी तिकीट काढते आहे. या वर्षीही वाट बघते.

तुमच्या मायेची आणि तुमच्या मुळ्यांची सारखीच भुकेली,
सूछिन

---

नानशुन, १० डिसेंबर १९८६

चि. सौ. सूछिनला अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. नळ्यांच्या कोरड्या उष्णतेने फुप्फुसे वाळतात. खोलीत पाण्याचे भांडे उघडे ठेव. जावईबापूंना सांग, नासपती खायचीच तर खडीसाखर घालून वाफवून खावी, खोकला होणार नाही. सकाळी दोन अक्रोड आणि चमचाभर काळे तीळ. निजण्याआधी आल्याच्या पाण्यात पाय बुडवून बसावे. लवकर निजा आणि ऊन वर आल्यावर उठा. तू शिकवतेस त्या शाळेची घंटा काय म्हणते ते शाळेला माहीत.

दुकान मी बंद करणार नाही. तिकडे येऊन नळ्यांच्या तोंडाकडे बघत बसू की काय? इथे माझे एकशे चाळीस खण आहेत आणि सकाळपासून माणसे येतात. तुझ्या आत्याला रिकामपणी पत्रे लिहायची खोड आहे, तिचे मनावर घेऊ नकोस.

हल्लीचे आले नावाला आले उरले आहे. मटणालाही काही दम नाही, बकऱ्यांना काय चारतात कोण जाणे. तुझी आत्या म्हणते मटण तेच आहे, बिघडलो मी आहे.

पुडी सोबत आहे. कृती दरवर्षीचीच. आले हात राखून घालू नकोस.

कळावे. आशीर्वाद कमी पडणार नाहीत.
फांग चिशान

---

हार्बिन, २३ डिसेंबर १९८६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल मटण केले. म्हणजे ह्यांनीच केले, मी शाळेतून येईपर्यंत पातेले उकळत होते. जिना चढतानाच वास चुकीचा वाटला. पहिल्या घोटाला रस्सा कडू लागला आणि जीभ बधिर झाली. ह्यांना वाटले मटणच खराब. मी पुडीत उरलेल्या चकत्या हुंगल्या.

मी सहा वर्षांची असताना तुम्ही मला उचलून घेऊन खणांवरची नावे वाचायला शिकवलीत. मला वाचता येते, बाबा. दिसायला अगदी दांगग्वेसारखी, पण वासाला उग्र, गुडघ्याच्या दुखण्यावर देतात ती मुळी कोणती हेही तुम्हीच शिकवलेत. तिचे नाव दूह्वो. दूह्वो म्हणजे 'एकटे जगणे'.

मी तुम्हाला सरळ शब्दांत उत्तर द्या म्हटले होते. तुम्ही पुडीत दिलेत. एकटे राहायचे आहे, तुझी गरज नाही, असेच ना? एकशे चाळीस खणांतून नेमका तो शोधून काढलात. दुसऱ्या कुणाला कळले नसते, मला कळले. मी चिडले नाही, मी रडले. ह्यांनी सगळे पातेले ओतून दिले आणि मला शेवया करून घातल्या.

या नववर्षाला मी येणार नाही. तब्येतीला जपा.

सूछिन

---

नानशुन, १ जानेवारी १९८७

चि. सौ. सूछिनला आत्याचे खूप खूप आशीर्वाद.

पोरी, आधी डोळे पूस आणि मग वाच.

तुझे पत्र आल्यापासून तुझा बाप दुकानात येरझाऱ्या घालत होता. मी दांगग्वेच पाठवली, पोरीची जीभ उत्तरेत जाऊन बिघडली, असे दहा वेळा म्हणून झाले. जेवला नाही. मी म्हटले, दादा, कोणत्या खणातून काढलीस ते दाखव. त्याने खण ओढला, मूठभर चकत्या नाकाशी धरल्या आणि ठामपणे म्हणाला की बघ, दांगग्वेच आहे. मी हुंगल्या. सूछिन, ती दूह्वो होती गं. पावसाळ्यानंतर माल भरताना दोन पोती उलटसुलट झाली होती.

मी आत जाऊन भात मुद्दाम करपवला. शेजारची बाई नाकाला बाही लावून काय जळतेय म्हणून विचारत आली, आणि चुलीपासून हातभर अंतरावर हा पेपर वाचत बसलेला! मग मी विचारले, दादा, किती दिवस झाले? त्याने पेपर खाली केला नाही. पेपराआडूनच म्हणाला की सप्टेंबरपासून.

सर्दी गेली ती नाक घेऊनच गेली. पन्नास वर्षे चिमटीभर मुळी हुंगून ती कोणत्या डोंगरावरची ते सांगणारा माणूस. लोकांना कळले तर दुकान संपले आणि तुला कळले तर तू उचलून तिकडे नेशील, म्हणून तीन महिने घुम्यासारखा गप्प. आणि वर बापड्या आल्याला नावे ठेवत होता!

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच दारावर कागद लावला, 'नाकाच्या आजारामुळे औषध देणे बंद'. मग पावसाळ्यानंतर ज्यांना ज्यांना दांगग्वे दिली त्या अकरा घरी स्वतः चालत गेला आणि माफी मागून पुड्या बदलून आला. मी सोबत होते, हुंगायला. चार घरी दूह्वो निघाली. त्यांतल्या पुलापलीकडच्या म्हातारीने पुडी परत द्यायला साफ नकार दिला. म्हणाली, माझे गुडघे तीस वर्षांत एवढे हलके झाले नव्हते, तुमची चूक तुमच्यापाशी ठेवा! तुझा बाप रस्त्यात उभा राहून हसला. तुझे पत्र आल्यापासून पहिल्यांदा.

पण संध्याकाळी तुझे पत्र पुन्हा काढून बसला होता. तुला लिही म्हटले तर म्हणतो, काय लिहू, ती येत नाही म्हणाली ना. आता तूच बघ. माझे बोट करपलेल्या भाताने भाजले आहे, म्हणून अक्षर वाकडे.

माया आहे तशीच, जरा जास्तच.
तुझी आत्या, चिमेई

---

हार्बिन, ९ जानेवारी १९८७

ती. बाबांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

आत्याचे पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचले. पुढचा तास मी मुलांना नुसते लिहायला दिले, कारण फळ्यावरचे मला दिसत नव्हते. तुमच्यावर असला आरोप करणाऱ्या मुलीचा कान धरायला हवा. तुम्ही तर मला एकटे जगणे कधी शिकवलेच नव्हते, मग मी ते पुडीत कुठून वाचले?

तरी भांडण मी सोडत नाही. तीन महिने लपवलेत! मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना नाक दाखवा. मी विचारून आले, सर्दीनंतर कधीकधी वास जातो आणि सावकाश परततो म्हणे, पण आधी तपासायला हवे. तोवर आत्याला गल्ल्यावर बसवा आणि प्रत्येक खण तिच्याकडून हुंगून घ्या. भात करपवून निदान करणारी वैद्य साऱ्या गावात दुसरी नसेल. इकडे या असे मी पुन्हा म्हणणार नाही. तुमचे खण तुमच्यापाशीच राहू देत.

राहता राहिले नववर्ष. त्याला वीस दिवस आहेत. येणार नाही असे मी लिहून बसले आहे आणि हट्टी मी कुणाची मुलगी ते तुम्हाला ठाऊक आहे. पुडी आल्याशिवाय आजवर मी कधी आले नाही. या वेळी आत्याने हुंगलेली पाठवा. ह्यांनी रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे, फक्त तारीख घालायची बाकी आहे.

वाट बघणारी,
सूछिन

---

नानशुन, १६ जानेवारी १९८७

चि. सौ. सूछिनला अनेक आशीर्वाद.

इस्पितळात जाऊन आलो. डॉक्टर पोरगेलासा आहे पण हात नीट धुतो. नाकात गाठबीठ काही नाही, धीर धरा म्हणाला. हेच मी माझ्या रोग्यांना सांगतो तेव्हा ते इतके का वैतागतात ते आता कळले. दुकान परवा उघडले. तुझी आत्या गल्ल्यावर बसते, प्रत्येक पुडी हुंगते आणि प्रत्येक पुडीमागे मला एक टोमणा देते.

सोबत पुडी नाही. शोधू नकोस.

तुझी आई लिहायची आणि मी पुडी बांधायचो. मला वाटे, तेवढे पुरे. ती गेल्यावरही पुडी बांधत राहिलो, कारण ते शब्द लिहायला बसलो की हात अडतो. या वर्षी पुडीने मला तोंडघशी पाडले. मी म्हणालो एक आणि तिने सांगितले भलतेच. ज्याचा मला वासही येत नाही त्याच्यावर हा निरोप पुन्हा सोपवणार नाही.

सूछिन, घरी ये. जावईबापूंनाही आण. तू यावीस असे मला वाटते, दरवर्षी वाटत होते.

खरी दांगग्वे इथेच खणात काढून ठेवली आहे. मटण तू आल्यावर शिजवू. मला त्याचा वास यायचा नाही. तू पातेल्याशी उभी राहा आणि कसा येतो आहे ते मला सांग.

कळावे. लोभ होताच, आता लिहूनही दिला.
तुझे बाबा